आधी पिशवी काढली, मग फोटो काढला

फेब्रुवारी लागला की आमच्याकडे निमंत्रणं यायला सुरुवात होते. जागतिक महिला दिनानिमित्त चित्रप्रदर्शन, छायाचित्र प्रदर्शन, पोस्टर प्रदर्शन. विषय ठरून गेलेले असतात : 'ती आणि तिची ओळख', 'स्त्री, समाज आणि आरोग्य', 'तिचं स्वास्थ्य'. पत्राच्या शेवटी एक ओळ हमखास असते. 'आपल्या भागातील ऊसतोड कामगार महिलांना मोठ्या संख्येने उपस्थित ठेवावे.' उपस्थित ठेवावे! बाया म्हणजे काय मंडपवाल्याच्या खुर्च्या आहेत, टेम्पोत घालून आणल्या आणि ओळीनं मांडून ठेवल्या?

आणि आणायच्या कुठून? आठ मार्चला आमच्या बाया गावात असतात का, एवढा साधा प्रश्नसुद्धा कुणाला पडत नाही. बीड-परळी रस्त्यावरचं आमचं दिंद्रुड. जवळ तेलगावला साखर कारखाना आहे, तरी इथल्या आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवरच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला ट्रॅक्टर-ट्रकमध्ये संसार भरून निघतात ते सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, नाहीतर थेट कर्नाटकात. पट्टा पडतो तेव्हा परत येतात. ऊस कमी असला तर लवकर, जास्त असला तर एप्रिल उजाडतो. म्हणजे ज्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी ऊसतोड बाईच्या चित्राला हार घालतात, त्या दिवशी बहुतेक वेळा ती बाई दोन-तीनशे किलोमीटरवरच्या फडात वाढं बांधत असते. महिला दिन कधी असतो ते तिला ठाऊक नाही, आणि तो तिच्याविना साजरा होतो हे आम्हाला खटकत नाही. हे 'आम्हाला' मी मुद्दाम लिहिते आहे. ही निमंत्रणं सरकारी खात्यांची असतात तशी आपल्या मैत्रीण-संघटनांचीही असतात.

मी समाजकार्याची पदवी घेतलेली बाई. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत 'समुदाय', 'ओळख', 'आरोग्य', 'स्वास्थ्य' हे शब्द इतक्या वेळा लिहिले की त्यांचा गुळगुळीत गोटा झाला. हल्ली कलेच्या प्रदर्शनांच्या पत्रिकांवरही हेच चार शब्द असतात. इथे आल्यावर त्यांचे अर्थ बायांनी मला शिकवले. समुदाय म्हणजे टोळी. जिच्यासोबत सहा महिने कोपीला कोपी लावून राहायचं ती माणसं. आणि ओळख? ओळख म्हणजे कोयता. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्याला मिळते, सही किंवा अंगठा नवऱ्याचा. मुकादमाच्या वहीत बाईचं नाव नसतं, ती अर्धा कोयता असते. ती आजारी पडली, कामाला गेली नाही, तर खाडा. खाड्याचा दंड उचलीत चढतो. म्हणजे बाईची पाळी, बाईचा ताप, बाईची पाठ हे सगळं वहीत उतरतं ते पैशाच्या रूपानं आणि कर्ज म्हणून. तिचं आरोग्य जगात फक्त एका माणसानं नियमितपणे लिहून ठेवलं आहे, तो मुकादम.

हे ज्याला माहीत नाही त्यानं तिच्या ओळखीवर प्रदर्शन भरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. यावर रागावणाऱ्यांनी खुशाल रागवावं.

दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या कलादालनात असं एक प्रदर्शन पाहायला गेले होते. दालनाचं नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका दालनाचा नाही. उद्घाटनाला 'प्रातिनिधिक' म्हणून इकडच्या दोन बाया हव्या होत्या, त्यांना घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं. पांढऱ्या भिंती, वरून सोडलेले दिवे, आणि समोर माणसाच्या उंचीचा काळा-पांढरा फोटो. एका बाईनं लुगडं बाजूला करून पोटावरचा व्रण दाखवलेला. एका हातात कोयता. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात. खाली तिचं वय आणि 'बीड'. लोक हातात कॉफीचे पेले घेऊन बघत होते, हळू आवाजात बोलत होते. छायाप्रकाशाचं कौतुक चाललं होतं.

माझ्याबरोबरची एक मावशी त्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "ताई, ह्यो कोयता कोरा हाय. मूठ बघा की, घामानं काळी पडलेली न्हाई. कुणीतरी हातात दिलाय तिच्या." थोड्या वेळानं म्हणाली, "अन् ही बाई वळखू येतीय. हिला लेकी असत्याल, जावई असत्याल. तेंनी बघितला तर?" तिच्या या दोन वाक्यांत जेवढी कलासमीक्षा होती तेवढी त्या जाड कागदावर छापलेल्या माहितीपत्रकात नव्हती. पण ती उपस्थित ठेवलेली होती, तिला बोलायला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं समई पेटवली, शाल घेतली, आणि आम्ही रात्रीच्या एस.टी.नं परत आलो.

आता कुणी म्हणेल, पण फोटोंमुळेच तर हा विषय जगापुढे आला. खरं आहे, आणि ते मी नाकारणार नाही. एप्रिल २०१९मध्ये वर्तमानपत्रांतून बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या बातम्या आल्या. त्याच वर्षी जूनमध्ये आरोग्यमंत्र्यांना विधिमंडळात सांगावं लागलं की तीन वर्षांत बीड जिल्ह्यात ४,६०५ बायांची गर्भाशयं काढली गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. दर सहा बायांमागे एक, किंबहुना थोडी जास्तच. त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभराचं प्रमाण १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये ३.२ टक्के होतं. पुढे बीडमध्ये खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. २०२४च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या न्यूयॉर्क टाइम्सनं साखर विकत घेणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांपर्यंत हा धागा नेऊन दाखवला. हे सगळं लिहिणाऱ्यांनी आणि फोटो काढणाऱ्यांनी केलं, त्यांचे आभार.

पण बातमी आणि प्रदर्शन यांत फरक आहे. बातमी कुणाला तरी जाब विचारते. मंत्र्याला उभं राहून आकडा सांगावा लागतो. कलादालनातला फोटो कुणालाच जाब विचारत नाही, तो बघणाऱ्याला हळवं करतो आणि घरी पाठवतो. हळवं होण्यात वाईट काही नाही, मात्र तो हळवेपणा बाईच्या पोटावर येऊन थांबतो. फोटोच्या चौकटीत मुकादमाची वही नाही. कारखान्याचा वजनकाटा नाही. टोळीच्या तळावर नसलेला नळ आणि नसलेला संडास नाही. दोन खोल्यांच्या दवाखान्यावरची सोनोग्राफीची पाटी नाही. ज्यानं तिला 'पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल' असं सांगितलं तो नाही. आहे ती फक्त ती, तिचा व्रण, आणि तो कोरा कोयता. गुन्हा झालेल्या जागी फक्त जिच्यावर गुन्हा झाला तिलाच उभं करायचं, याला आपण एरवी काय म्हणतो? बलात्काराच्या बातमीत पीडितेचा चेहरा छापला तर आपण मोर्चे काढतो. मग इथे का गप्प?

पिशवी का काढली जाते हे जरा नीट समजून घेऊ, कारण प्रदर्शनांत तेच गाळलं जातं. पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापायच्या, उजाडायच्या आत फडात जायचं. दिवसभर तोडणी, मोळ्या बांधणं, तीस-तीस चाळीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं. ट्रक रात्री दहाला आला तर रात्री दहाला भरायचा. पाळी आली तरी हेच. कपडा धुवायला पाणी नाही, वाळवायला आडोसा नाही. लग्न कोवळ्या वयात, दोन-तीन बाळंतपणं विशीतच उरकलेली, नसबंदी झालेली. मग अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, कंबर धरते. हे आजार औषधांनी बरे होणारे असतात, निदान पुष्कळदा. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० बायांची तपासणी करून १९८९ साली लॅन्सेटमध्ये लिहिलं होतं की ९२ टक्के बायांना काही ना काही स्त्रीरोग आहे, आणि त्यातल्या फक्त ८ टक्के जणींची त्याआधी कधी तशी तपासणी झाली होती. म्हणजे बायांना आजार आहेत आणि त्यांना कुणी तपासत नाही, हे आपल्याला तेव्हापासून ठाऊक आहे. सरकारी दवाखान्यात बाई डॉक्टर नाही, गोळ्यांचा कोर्स पुरा करायला फडात सवड नाही, प्रत्येक फेरीला एक खाडा. अशा वेळी एकदाच पैसे भरून कटकट मिटवणारा कुणी भेटला तर बाई हो म्हणते. पैसे पुन्हा मुकादमाकडून उचलीवर. मग ती 'संमती' धरायची! पुढे अंगाची आग, हाडं दुखणं, चाळिशीच्या आत म्हातारपण. अंडाशयंही काढली असतील तर हाल विचारूच नका. आणि त्या उचलीपायी पुढच्या हंगामात पुन्हा कोयता हातात.

बीड एकटं नाही. राजस्थान, बिहार, छत्तीसगडमधल्या अशाच प्रकारांवर डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२३मध्ये सगळ्या राज्यांना यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितलं. पण 'गर्भाशय नसलेल्या बायांचं गाव' असं बिरुद मिळालं ते इकडच्या गावांना. त्या बिरुदाचं काय झालं ते प्रदर्शनवाल्यांनी एकदा येऊन ऐकावं. सोयरीक जुळवताना पाहुणे दबक्या आवाजात विचारतात. जिनं पिशवी काढलेली नाही तिलाही नणंदा टोमणे मारतात. आम्ही ओळख ओळख म्हणतो ना, ती अशी चिकटवली जाते. भिंतीवरून चित्र उतरतं, गावावरून नाव उतरत नाही.

याच्या उलट टोकाला आमच्या आरोग्य केंद्रांतली पोस्टरं. त्यांत व्रण नाही, दुःख नाही, सगळं गोजिरं. गुलाबी गालांची बाई, हातात सफरचंद, शेजारी दुधाचा पेला, आणि वर सूचना : पालेभाज्या खा, भरपूर पाणी प्या, पुरेशी विश्रांती घ्या, स्वच्छता पाळा. कोपीत राहणाऱ्या बाईनं पुरेशी विश्रांती घ्यावी! रक्त कमी आहे, कारण तू खात नाहीस. पांढरं जातं, कारण तू स्वच्छता पाळत नाहीस. दोष पुन्हा तिचाच. एका प्रकारात ती बिचारी, दुसऱ्यात ती अडाणी. कारखाना, मुकादम आणि डॉक्टर दोन्हीकडून सुटले.

मैत्रिणींनो, आपल्याला चित्रांची अॅलर्जी नाही. उलट पोस्टर ही स्त्री-चळवळीची मातृभाषा आहे असं मी म्हणेन. मथुरा प्रकरणाच्या निकालाविरुद्ध १९८० साली बाया देशभर रस्त्यावर आल्या तेव्हा आपल्याकडे ना छापखाने होते ना पैसे. हातानं रंगवलेली पोस्टरं होती. स्त्री मुक्ती संघटनेचं 'मुलगी झाली हो' १९८३मध्ये उभं राहिलं ते कमीत कमी साहित्यात, चौकात करता यावं असं. पुढे दिल्लीच्या झुबान प्रकाशनानं देशभरच्या संघटनांची शेकडो पोस्टरं गोळा करून जपली, म्हणून आज ती बघायला तरी मिळतात. ही पोस्टरं बघा. बाई त्यांत कुणाकडून तरी बघितली जात नाही, ती बोलते, हात वर करते, प्रश्न विचारते. रेखाटन बरेचदा कच्चं असतं. पण कोण कुणाला काय सांगतं आहे याबद्दल गोंधळ नसतो.

राजस्थानचं 'शरीर की जानकारी' आपल्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. महिला विकास कार्यक्रमातल्या ७५ गावकरी बायांनी शिबिरांतून स्वतःच्या शरीराची माहिती चित्रांतून मांडली, आणि काली फॉर विमेननं १९८९ साली तिचं पुस्तक केलं. चित्रं आधी गावात दाखवली तेव्हा गावकरी म्हणाले, हे खोटं आहे, आमच्या गावात उघडी बाई तुम्हाला कुठे दिसते? त्या बायांनी चित्र फेकलं नाही आणि गावाला अडाणीही म्हटलं नाही. त्यांनी पूर्ण कपड्यातली बाई काढली आणि कागदाची घडी अशी केली की घडी उचलली तर आतलं शरीर दिसावं. उचलायची की नाही ते बघणारीनं ठरवायचं. आणि पुस्तक गावच्या बायांना परवडेल अशाच किमतीला विकायचं, अशी अट घातली. शहरातल्या दालनात लुगडं बाजूला केलेल्या त्या फोटोशेजारी ही घडी ठेवून बघा. बाईचं शरीर दाखवण्याबद्दल मला जे म्हणायचं आहे ते सगळं त्यात आलं.

अलीकडचं उदाहरण मुंबईतलं. स्नेहा या संस्थेनं २०१५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये धारावीत तीन आठवडे कला आणि आरोग्य यांचं प्रदर्शन भरवलं, धारावी बिनाले या नावानं. पैसा लंडनच्या वेलकम ट्रस्टचा, त्यामुळे मी जरा संशयानंच त्याबद्दल वाचायला घेतलं. परदेशी पैसा आला की कागदोपत्री 'सहभाग' फार वाढतो, हा आपला सगळ्यांचा अनुभव आहे. पण दोन गोष्टी पटल्या. एक, प्रदर्शन धारावीतच मांडलं, धारावीतल्या लोकांनी कलावंतांबरोबर बसून केलेलं. दुसरी, बायांनी कापडाचे तुकडे जोडून धारावीचा नकाशा शिवला आणि घरातल्या मारहाणीच्या, छळाच्या जागा त्यावर दाखवल्या. म्हणजे मार खाल्लेल्या बाईचा सुजलेला चेहरा नाही. मार कुठे बसतो त्या वस्तीचा नकाशा. बघणाऱ्याला बाईची कीव करता येत नाही, त्याला आपली गल्ली शोधावी लागते.

पी. साईनाथ यांचं ग्रामीण बायांच्या कामावरचं छायाचित्र प्रदर्शनही असंच. १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत काढलेले फोटो. ते मोठ्या दालनांपुरते ठेवले नाहीत, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं, कारखान्यांची फाटकं, शेतमजुरांचे मेळावे इथे नेऊन लावले. त्यांत बाई काम करताना दिसते आणि तिच्या कामाचा हिशेब शेजारी लिहिलेला असतो. चीनच्या युनान प्रांतात नव्वदीच्या दशकात खेड्यातल्या बायांच्या हातातच कॅमेरे दिले गेले होते. त्यांनी स्वतःच्या आरोग्याचे आणि कामाचे फोटो काढले आणि ते अधिकाऱ्यांपुढे मांडले. म्हणजे हे करता येतं. 'कलावंताच्या दृष्टीवर बंधनं घालू नका' असं जे म्हणतात त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की दृष्टीवर बंधन नको, पण जिच्याकडे बघता तिलाही डोळे आहेत.

धारावीची कल्पना आम्ही सरळ उचलली. मागच्या श्रावणात, टोळ्या गावात असताना, वीसेक बाया दुपारच्या एका देवळाच्या सभामंडपात जमत होत्या. आधी खाकी कागदावर कोळशानं आणि गेरूनं चित्रं काढली. 'मला येत न्हाई' म्हणण्यात पहिले दोन दिवस गेले. मग एकीनं मुकादमाची वही काढली, कागदभर मोठी, आणि तिच्या एका कोपऱ्यात बोटाएवढा कोयता. दुसरीनं नुसती हंडा-घागरींची रांग काढली आणि सांगितलं, ही तळापासून विहिरीपर्यंत. एका म्हातारीनं ट्रकची फळी काढली, फळीवर पावलं, आणि एक पाऊल घसरलेलं. पोटाचं चित्र कुणीही काढलं नाही. मीही सुचवलं नाही.

कागद टिकत नाही म्हणून वाकळ शिवायचं ठरलं. वाकळ प्रत्येकीला येते. जुन्या लुगड्यांवर जिल्ह्याचा नकाशा, दोऱ्यानं रस्ते, आणि ज्या ज्या ठिकाणच्या दवाखान्यात पिशवी काढली त्या ठिकाणी एकेक लाल ठिगळ. ठिगळ कुणाचं ते लिहायचं नाही. बायांनी आपापली शिवली, मग जावांची, भावजयांची, शेजारणींची विचारून शिवली. काही ठिकाणी एवढी ठिगळं आली की खालचं कापड दिसेना. कुठल्या ठिकाणी ते इथे लिहीत नाही. जे आठवडी बाजाराला आले त्यांनी वाचलं.

हो, वाकळ बाजारात लावली. सकाळीच एका वजनदार माणसाचा निरोप आला होता. बाकीची चित्रं ठेवा, चांगली आहेत, फक्त 'ते कापड' काढा, गावाची बदनामी होते. मी उत्तर द्यायच्या आधी एक आत्या म्हणाली, "गावाची कशापायी? आमच्या गावात दवाखाना हाय कुठं?" वाकळ राहिली. दुपारपर्यंत बापये लांबूनच बघत होते. मग एकेक जण जवळ येऊन ठिगळं मोजायला लागला. एकानं आपल्या बायकोला विचारलं, तुझं कंचं? तिनं बोट ठेवलं. लग्नाला तेरा वर्षं झाली होती, आणि पोटाबद्दल नवऱ्यानं पहिल्यांदाच काही विचारलं, असं ती नंतर आम्हाला म्हणाली.

शेजारी टेबल टाकून एक नर्सताई बसवली होती. तपासणी नव्हे, फक्त ऐकून घेणं आणि कागदावर लिहून देणं : ऑपरेशनचा कागद मागायचा, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीबद्दल विचारायचं. प्रदर्शनापेक्षा त्या टेबलाभोवती गर्दी जास्त होती. मला त्यात प्रदर्शनाचा अपमान वाटत नाही. चित्र बघून बाईला काही विचारावंसं वाटलं आणि विचारायला समोर माणूस नसलं, तर तिला तिथवर आणलंच कशाला?

चळवळीतल्या काही मैत्रिणींचं म्हणणं उलट दिशेचं आहे. प्रदर्शनं कसली भरवता, कारखान्यांवर मोर्चा न्या, कामगार म्हणून बाईची स्वतंत्र नोंद मागा, अर्धा कोयता ही पद्धत मोडा. बरोबरच आहे. पण मोर्च्याला येणारी बाई आधी चार बायांत बोलू लागते, आणि आमच्याकडे पिशवीचं बोलणं जावा-जावांतही होत नव्हतं. वाकळ शिवताना झालं. नोंदीची मागणीही तिथेच, सुईत दोरा ओवता ओवता आली : मुकादमाच्या वहीत माझं नाव वायलं पाहिजे. मी सुचवलेली नाही.

म्हणून ज्या संघटनांना, महाविद्यालयांना, कलावंतांना आमच्या बायांच्या आरोग्यावर प्रदर्शन करायचं आहे त्यांना विनंती, आठ मार्चला बोलावू नका. अक्षय्य तृतीया झाल्यावर आणि दसऱ्याच्या आत इकडे या. आधीचे काढलेले फोटो असतील तर ते घेऊन या आणि जिचे आहेत तिला दाखवा. ती म्हणाली काढून टाका, तर काढून टाका. संमतीचा कागद मराठीत करा आणि वाचून दाखवा. चित्रं पहिल्यांदा बाजारात लागू द्या, मग पुण्या-मुंबईला न्या. तिकडे नेताना पिशवी काढलेली बाई नेऊ नका, तिची वही न्या, फळी न्या, नळ नसलेला तळ न्या.

वाकळ सध्या एका बाईच्या माळ्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली आहे. तीन गावांनी ती मागितली आहे. टोळ्या परतल्या की त्या तिन्ही बाजारांत लावायची आहे. आमच्याकडे दोऱ्या, बांबू, खाकी कागद सगळं आहे. टेबलाशी बसायला बाई डॉक्टर नाही. वाचकांपैकी कुणी दोन दिवस येऊ शकत असेल तर अंकाच्या पत्त्यावर कळवावं. राहण्याची सोय घरातच होईल.